व्हायरस गेला, कावीळ ऱ्हायली

"तोंड उघड. वास घे रे हिचा."

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टर आधी मला, मग कंपाउंडरला म्हनला. बाकड्यावर गावची माणसं बसलेली. माझे डोळे हळदीवानी पिवळे. कंपाउंडरनं नाक माझ्या तोंडाशी आणलं. दारूचा थेंब कधी जिभेला न्हाई, तरी मी तोंड उघडलं. आजबी किळस येते.

"मेंढ्यांमागची माणसं तुमी. सगळीच पिता," डॉक्टर म्हनला.

रक्तात काविळीचा व्हायरस निघाला. सी नावाचा. लग्नाआधी जत्रेत गोंदून घेतलं व्हतं, एकाच सुईनं सगळ्या पोरींना. आमच्यात गोंदल्याबिगर पोरीला सासरी धाडत नव्हते. हे सांगितलं तर म्हनला, "मग भोगा आता." तीन महिने गोळ्या घेतल्या. एक चुकवली न्हाई. व्हायरस गेला, रिपोर्टात आलं. पण कावीळ हटंना, लिव्हरची सूज उतरंना. सांधे धरलेले, अंगाला खाज, हातात खुरपं ठरंना.

"चोरून पिती ही," डॉक्टरनं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं घरी येऊन माझी पेटी उचकली. बाटली हुडकत व्हता मेला!

पुढच्या खेपेला परत तेच. "तोंड उघड."

मी दात आवळले. मग म्हनले, "न्हाई उघडणार. व्हायरस गेला, तुमीच म्हनला. मग लिव्हर कशानं सुजतंय?"

"तू मला शिकवणार?"

"मला ठावं न्हाई. तुमालाबी ठावं न्हाई. पुण्याला चिठ्ठी द्या."

खुर्चीवरनं उठलेच न्हाई. मागं रांग खोळंबली. नवरा दंड ओढाय लागला, "चल गं, लाज काढू नको." कुणाची लाज, रं? शेवटी डॉक्टरनं चिठ्ठी खरडली.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात बरगडीतनं सुई घालून लिव्हरचा तुकडा काढला. डॉक्टरीणबाई म्हनल्या, "आजार दोन होते. व्हायरसचा बरा झाला. दुसऱ्यात तुमचं शरीरच लिव्हरवर उठलंय. दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून तुकडा तपासावा लागला. दारूचा काही संबंध नाही. अजून उशीर झाला असता तर लिव्हर गेलं असतं." स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तोंड सुजलं, पण कावीळ उतरली.

आता नारायणगावच्या डॉक्टरनं निरोप धाडलाय. रक्त इथंच तपासत जा, पुण्याला हेलपाटे कशाला? नवरा म्हनतो, "झालं गेलं, सोड."

सोडते व्हय! गोळ्या जन्मभर लागल्या, तर जन्मभर यष्टीत उभी ऱ्हाऊन पुण्याला जाईन. त्या माणसाच्या हाताला माझ्या रक्ताचा थेंब लागू देणार न्हाई.