विणकराला ठाऊक नसलेली गोष्ट

मी आज इतिहासाचा एम.ए. आहे तो आक्कामुळे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सातवीनंतर तिची शाळा सुटली. तेव्हापासून निपाणीत शिवणकाम करते. मी पाठ केलेलं उत्तर तिला म्हणून दाखवायचो. ती मशीन थांबवून विचारायची, "राजा लढाईला गेला. मग घोड्यांना चारा कोण घालत होतं?"

"ते परीक्षेला येत नाही," मी म्हणायचो.

बेंगळुरूच्या विद्यापीठात पहिलं सत्र मी मुकाट बसून काढलं. वर्ग इंग्रजीतून चाले. शेवटी शिक्षण सोडून शनिवारी घरी येतो, असं आक्काला फोनवर सांगूनही टाकलं.

त्याच आठवड्यात इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी नवाच प्रकार काढला. जुन्या बेंगळुरूतली १८९८ची प्लेगची साथ वर्गात नाटकासारखी उभी करायची. कुणी डॉक्टर, कुणी अधिकारी; माझ्या वाट्याला पेटेतला, म्हणजे जुन्या बाजारपेठेतला, विणकर आला. भाषा कुठलीही चालेल. नियम एकच: त्या माणसाला तेव्हा जे ठाऊक नव्हतं, ते बोलायचं नाही. कानडी मला निपाणीत असल्यापासूनच येत होती. म्हटलं, जाता जाता एकदा बोलून बघू. पेटेतल्या गल्ल्या हिंडलो, तिथं एका खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग बघून आलो.

अधिकारी होता पुण्याचा, पण कानडी समजणारा वर्गमित्र. "घर रिकामं करा, छावणीत चला," तो म्हणाला. मी उठलो आणि पाठ केलेलं सगळं ओतलं: उंदीर, पिसवा, जंतू.

"पिसवांचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"काय मालक, मागावर मायक्रोस्कोप बसवलाय का?" अधिकारी मला मराठीत म्हणाला.

पिसवा काढून घेतल्यावर माझ्याकडं बोलायला उरलं काय? आक्का असती तर तिनं काय विचारलं असतं? आणि एकदम तो खड्डा डोळ्यांपुढं आला.

"स्वामी," मी कानडीत म्हणालो, "माग जमिनीत आहे. त्यावर अर्धी साडी आहे. ती तोडून येऊ? छावणीत मला खड्डा कोण खणू देईल?"

अधिकाऱ्यानं कागद चाळले.

डॉक्टर झालेली मुलगी म्हणाली, "कापड जाळावं लागेल."

"जाळा. पण आधी पुरं विणू द्या."

मग सगळा वर्गच त्या घरात शिरला. तास संपला तरी कुणी उठेना. बाहेर कॉफी पिताना अधिकारी म्हणाला, "यार, तुझ्या दारात उभं राहायला नको वाटत होतं मला."

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्याच संध्याकाळी लिहिलं:

"आक्का, शनिवारी येत नाही. आज वर्गात बोललो. प्रश्न मात्र तुझ्यासारखा विचारला. घोड्यांना चारा कोण घालत होतं, ते मला अजून ठाऊक नाही. पण इथं ते शोधायलाच बसवतात. पुढच्या वेळी दुष्काळ आहे. मी धान्याच्या दुकानदाराची बायको होणार आहे. बाहेर माणसं उभी आहेत, नवरा घरी नाही. ती दार उघडेल का, आक्का? विचार करून लवकर कळव."