टाकेमामांच्या टेबलावर दादाचा शर्ट

फुटबॉलच्या शर्टांचं वेड लागलेल्या माणसांना एकदा समोर बसवून विचारायला हवं, की बाबांनो, दुसऱ्याच्या अंगावरचा घामेजलेला, डागाळलेला शर्ट तुम्हाला हवा तरी कशाला? पण विचारून उपयोग नाही. उलट तेच विचारतील, की हा डाग गवताचाच आहे ना, का कुणी मागाहून चोळलाय? अशा मंडळींचं शेवटचं न्यायालय म्हणजे टाकेमामा.

तरुणपणी मामा खेळाचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. कारखाना बंद पडला, नजर मात्र शाबूत राहिली. आता ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं टेबल आहे, उजेडाची खिडकी आहे, भिंग आहे आणि येणाऱ्यांसाठी एक बाक आहे. शर्ट आला की मामा तो आधी उलटा करतात. समोरची बाजू काय, कुणीही हुबेहूब करतो. आतली शिवण, कॉलरमागची पट्टी, नंबराच्या पाठीमागचे टाके, इथे नक्कल करणाऱ्याचा आळस उघडा पडतो. मग निकाल एका शब्दात, खरा किंवा खोटा. हळहळ नाही, समजूत घालणं नाही. जावयाला वाढदिवसाला मिळालेला शर्ट त्यांनी भर जेवणात खोटा ठरवला होता, तेव्हापासून लेक त्यांना भिंग घरी ठेवून यायला सांगते.

त्या दुपारी बाकावर बसलेली दोन माणसं मात्र गिऱ्हाइकं नव्हती. एक मामांचा थोरला भाऊ, दादा. दुसरी वहिनी. आई लवकर गेली तेव्हा मामांना वाढवलं ते या वहिनीनेच.

दादा एकेकाळी शहरातल्या क्लबचा राखीव गोलकीपर होता. राखीव म्हणजे, आपण तयार होऊन बसायचं आणि दुसऱ्याचा खेळ बघायचा. पण एका अंतिम सामन्यात मुख्य गोलकीपरचा हात दुखावला, दादा मैदानात उतरला आणि अगदी शेवटी त्याने पेनल्टी अडवली. आयुष्यात एवढं एकच केलं, पण ते असं की त्यावर जन्म काढता यावा, आणि दादाने तो काढला. त्या दिवशीचा तेरा नंबरचा हिरवा शर्ट आता क्लबच्या नव्या दालनात काचेआड लागणार होता. दालन उभारणारा संग्राहक, ज्याला सगळे काचवाले म्हणत, स्वतःच दादाकडून शर्ट घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं.

"सख्ख्या भावाचा शर्ट आहे हो, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा," मामांनी म्हणून पाहिलं.

"छे, छे! तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," काचवाले म्हणाले. "मागे क्लबच्या त्या जुन्या कप्तानाने खोटा शर्ट माझ्या गळ्यात मारला, तेव्हापासून मी माणसाचं तोंड बघून काही घेत नाही."

तो कप्तान आता क्लबच्या दारातही उभा राहत नसे. जुने सोबतीसुद्धा त्याला बघून रस्ता बदलत. दादाला हे ठाऊक होतं, पण कर नाही त्याला डर कशाला? तो पाय पसरून आरामात बसला होता. वहिनी मात्र बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती.

मामांनी शर्ट उलटा केला. कॉलरच्या आत बोट फिरवलं आणि त्यांचं बोट थांबलं. खेळाडूंसाठी शिवलेल्या शर्टांना मापाची चिठ्ठी लावत नसत. इथे ती कुणीतरी कापून काढली होती, पण दोन्ही टोकांना धाग्याच्या बारीक दशा शिल्लक होत्या. मामांनी बगलेची शिवण पाहिली. एकेरी. मैदानावरच्या शर्टाला दुहेरी असायची, उडी मारताना उसवू नये म्हणून. हा शर्ट दुकानातला होता.

त्यांनी नंबर पाहिला. नंबर मात्र अस्सल होता, त्याच काळातला, त्याच मखमली कापडाचा. फक्त त्याच्या कडेला सुईची जुनी भोकं होती आणि खालच्या शर्टात त्या भोकांना जोड नव्हती. म्हणजे नंबर दुसऱ्या शर्टावरून उसवून इथे शिवला होता. हाताने. दर चार टाक्यांनंतर एक टाका मागे वळवून.

ते टाके मामांच्या ओळखीचे होते. शाळेच्या चड्डीपासून लग्नाच्या कोटापर्यंत त्यांच्या सगळ्या कपड्यांवर हाच वळवलेला टाका होता.

दादा आता काचवाल्यांना पेनल्टीची गोष्ट सांगू लागला होता. सांगताना तो उभा राहतो, हात पसरतो आणि मग जगबुडी झाली तरी त्याचं लक्ष नसतं.

"वहिनी, जरा इकडे ये. कापड ताणून धर," मामा म्हणाले.

ती आली. तिने कापड धरलं.

"हे काय आहे?" मामांनी हळूच विचारलं.

"जळला रे," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. "कुणी ना कुणी बघायला यायचं. चुरगळलेला कसा दाखवायचा? म्हणून सारखी इस्त्री करायचे. एकदा पाठीवरच बसली इस्त्री. मोठं भोक पडलं. नंबर तेवढा वाचला."

मामांना रागवावं की रडावं कळेना. जगभरचे वेडे ज्या सुरकुत्यांसाठी जीव टाकतात, त्या या बाईने मन लावून इस्त्री करून घालवल्या होत्या.

"दादाला सांगायचं होतंस."

"त्यांना? पेनल्टीवरून कुणी चेष्टा केली तर हे त्या माणसाचं तोंड बघत नाहीत. मला घरात ठेवलं असतं का? आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही मी. एकदाच खरा म्हण."

मामांनी मान वर केली नाही. एकीकडे आईच्या जागची बाई, दुसरीकडे आपला शब्द, उभ्या आयुष्याची एकमेव कमाई. खरा म्हणावं तर उद्या काचेपुढे दुसरा एखादा जाणकार उभा राहणार, कॉलरकडे बोट दाखवणार आणि दादाचा कप्तान होणार. खोटा म्हणावं तर तेच आज होणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"काय मामा, झालं का?" काचवाल्यांनी विचारलं.

"शर्ट खोटा आहे," मामा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "नंबर खरा आहे."

दादाचे पसरलेले हात तसेच राहिले. मग तो टेबलाकडे धावला. "अरे, वेड लागलं का तुला? तो शर्ट कपाटातून बाहेर गेला नाही कधी!"

"मग कपाटात काय झालं ते तुम्हीच सांगा," काचवाले थंडपणे म्हणाले. "खरा शर्ट दुसऱ्याला विकलात आणि हा माझ्यासाठी ठेवलात, असंच ना?"

दादाने शर्ट हिसकावून घेतला. नंबराच्या पाठीमागे डोळे लावले. त्याच्याही सगळ्या कपड्यांवर तोच टाका होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं. ती भिंतीला टेकली होती, तोंडावर हात होता.

"मीच शिवला," दादा म्हणाला. "खरा हरवला माझ्याकडून. लाज वाटली, म्हणून दुकानातला आणला."

काचवाल्यांनी मामांकडे पाहिलं. "तुमचा भाऊ खरं बोलतोय?"

मामांनी भिंग टेबलावर उपडं ठेवलं.

"हो," ते म्हणाले.

काचवाले निघाले. त्यांचे बूट जिन्यावर वाजू लागले, तशी वहिनी पुढे झाली.

"का बोललात असं? उद्या सगळं गाव थुंकेल तुमच्यावर!"

"थुंकू दे," दादा बाकावर बसत म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "एका शर्टापायी तू इतकी वर्षं मला भीत होतीस? माझ्याच घरात?"

वहिनीने त्याच्या हातातला शर्ट घेतला आणि दाराबाहेर धाव घेतली. गुडघे दुखतात म्हणून जिना एकेक पायरी धरून चढलेली बाई, कठड्याला न धरता खाली निघाली.

"अहो काचवाले, थांबा!" तिचा आवाज खालच्या दुकानापर्यंत घुमला. "मी जाळला तो! माझ्या हाताने, माझ्या इस्त्रीने! यांना सुईत दोरा ओवता येत नाही, हे शिवणार कसले? आणि तो वर बसलाय ना, त्याचं ऐकू नका, तोही खोटं बोलला!"

खाली वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट थांबला. दुकानातली माणसं बाहेर आलेली ऐकू आली. मामांनी दादाकडे पाहिलं. दादा रडत होता आणि त्याने तोंड फिरवलं नाही.