भुमेश्वरी मॅडमचे एकतीस ब्लाऊज

मॅडमच्या एका हातात नवा ब्लाऊजपीस होता आणि त्या माझ्याकडे अठरा हजार रुपये उसने मागत होत्या. ब्लाऊजपीस मोरपिशी. मागून गळा खोल हवा, काठाची पायपिंग हवी, आणि काकू, अठरा हजार महिनाअखेरच्या आत हवेत. सगळं एका दमात सांगून त्या स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या.

आमगावात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. दुकानात बायका रडतात, हे मला नवीन नाही. पण रडताना ब्लाऊजपीस हातातून सुटू न देणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

भुमेश्वरी मॅडम इथल्याच एका खाजगी शाळेत शिकवतात, घरी ट्यूशन घेतात. नवरा टेकचंदभाऊ राईस मिलमध्ये मेकॅनिक. मुलगी प्रणाली गोंदियाला नर्सिंग करते. अठरा हजार तिच्या दुसऱ्या वर्षाच्या फीचे होते. दोघांनी ट्यूशन आणि ओव्हरटाइममधून ते बाजूला काढले होते. आता ते नव्हते. महिनाअखेर फी भरली नाही, तर पोरीला परीक्षेला बसू देणार नव्हते. टेकचंदभाऊंना वाटत होतं, पैसे बँकेत आहेत.

मी विचारलं, गेले कुठे? मॅडमनी माझ्या मागच्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं. मग मीही पाहिलं.

आमचं काम असं असतं. बाई साडी घेते, आमच्याकडे आणते. आम्ही फॉल-पिको करतो, म्हणजे खालच्या काठाला आतून पट्टी लावतो आणि कडा पक्क्या करतो. सोबत ब्लाऊज शिवतो. मग ती डिलिव्हरी घेऊन जाते. मॅडम येत, देत आणि नेत मात्र नसत. "नंतर नेते काकू." नेली की घरी सांगावं लागेल ना, कधी घेतली, कितीची घेतली. त्यापेक्षा माझं कपाट बरं. मला हे कळत होतं. पण मॅडम माझी सर्वात मोठी पार्टी. गळ्याचं नवीन डिझाइन आलं की मीच त्यांना फोन करायची. म्हणजे चोरी त्यांची होती आणि गोदाम माझं.

सगळं टेबलावर काढलं. एकतीस साड्या, एकतीस ब्लाऊज. लिंबू रंगाच्या तर तीन, जवळपास सारख्याच. त्यातली एक हातात घेऊन मॅडमनी मलाच विचारलं, "ही मी कधी घेतली?"

हळूहळू बाहेर आलं. मधल्या सुट्टीत शाळेत एक बाई गाठोडं घेऊन यायची. साडी आज न्या, महिन्याला पाचशे द्या. अशा तीन बायका. शिवाय फोनवर रोज साड्यांचा ग्रुप. शिवाय लग्नसराई. आमच्याकडे मांडव उतरायच्या आधी फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर जातात, त्यामुळे एकदा नेसलेली साडी 'पाहिलेली' होते; मॅडम प्रत्येक लग्नासाठी नवी घ्यायच्या आणि घरी सांगायच्या भीतीने जुनीच नेसून जायच्या. पगार झाला की निम्मा हप्त्यांत जायचा, कमी पडलं ते पतसंस्थेचं कर्ज, आणि शेवटी फीचे पैसेही त्यातच गेले. हौसेला मोल नाही म्हणतात. असतं, आणि ते हप्त्याने भरावं लागतं.

"मॅडम, तुम्ही पोराइले गणितच शिकवता ना?"

"पाचवीपर्यंत," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं आणि रागही आला. थोडा त्यांचा, बराचसा माझा. मी सांगितलं, उसने पैसे देणार नाही, आणि हा मोरपिशी पीसही घेणार नाही. कपाटातलं नेऊन, नेसून, शाळेत घालून दाखवाल तेव्हा नवं शिवीन. त्या अशा बघत राहिल्या, जसं मी रेशनकार्डावरून त्यांचं नाव काढलं.

मग मी माप लिहायची वही उघडली. छाती, कंबर, बाही हे रकाने खोडले. म्हटलं, कापड कमी असलं की मी काय करते? आधी पाठ आणि पुढचे भाग कापते. मग बाह्या. पायपिंग, म्हणजे कडेची शोभेची पट्टी, उरलेल्या चिंधीतून. तुम्ही दर महिन्याला आधी पायपिंग कापता, मग पाठीला कापड पुरत नाही म्हणून रडता. पगाराची पाठ म्हणजे किराणा आणि प्रणाली. पुढा म्हणजे चालू असलेले हप्ते. बाही म्हणजे गॅस, लाइट, दवाखाना. साडी सर्वात शेवटी, आणि चिंधी उरली तरच. मॅडमनी स्वतःच्या अक्षरात ते लिहिलं. अक्षर शिक्षिकेचं, सुंदर. आकडे मात्र लाज वाटावी असे निघाले.

फीचं काय? त्यावर टेबलावरचा ढीग होताच. नऊ साड्या मॅडमनी ठेवायच्या, बावीस विकायच्या, निम्म्या किमतीत. लग्नांचे दिवस होते, आहेराला लागतातच. प्रश्न ब्लाऊजचा. पण मी शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना जास्तीचं कापड दुमडून ठेवते. आम्ही त्याला माया म्हणतो. माया असली की शिवण उसवून ब्लाऊज दुसऱ्या बाईलाही बसवता येतो. मॅडमचे ब्लाऊज मी उसवून, लागेल तसे सैल-घट्ट करून देऊ लागले. अल्टरेशनचे पैसे मात्र घेतले. धर्मादाय दुकान नाही माझं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टेकचंदभाऊ आले. मिलमधल्या कोणाच्या बायकोने साडी नेली होती, त्यावरून माझ्याकडे निम्म्या किमतीत साड्या मिळतात हे कळलं होतं. साड्या कोणाच्या, हे कळलं नव्हतं. त्यांनी हात पँटला पुसले आणि विकायच्या साड्यांतून एक गर्द हिरवी साडी काढली.

"हे मॅडमसाठी घेतो काकू. तीन वर्षांपासून त्याच चार साड्या नेसून राहिली. पोरीच्या फीपायी मन मारून राहिली बिचारी."

माझी मान वर होईना. मी म्हटलं, ही बुक आहे, उद्या या. ते गेले आणि मी मॅडमना फोन लावला. भाऊ जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "काकू, तुम्हीच सांगा ना त्याइले."

"मी कायले सांगू? माप ज्याचं, उभं त्यानंच राहावं लागते."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मॅडमचे डोळे सुजलेले. टेकचंदभाऊ कपाटासमोर उभे राहिले आणि एक-एक साडी बघत राहिले. मला वाटलं, आता दुकानातच भांडण होणार. मी कात्रीसुद्धा बाजूला ठेवली.

"त्या हिरव्या साडीचे किती?" त्यांनी विचारलं.

"सहाशे."

त्यांनी खिशातून नोटा काढल्या, मोजल्या, आणि मला न देता बायकोच्या हातात ठेवल्या.

"फीत टाक. अन् मले बिल पाहिजे. बिल नसलं तर ही पण लपवशील."

मॅडमना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. मग आत जाऊन त्या हिरव्या साडीवरचा ब्लाऊज घालून पाहिला, तर हूक लागेना. दोन वर्षं कपाटात पडलेला, बाई काय त्याच मापात थांबते? मी दोन्ही शिवणी उसवल्या, माया सोडली, तेव्हा कुठे बसला.

फी मुदतीच्या चार दिवस आधी भरली. हप्ते फिटायला सव्वा वर्ष लागलं. मधे एकदा मॅडम एक लाल साडी घेऊन आल्या, स्वतःच कबुली दिली आणि स्वतःच परत करून आल्या. वही आता टेकचंदभाऊंसमोर लिहितात. तो मोरपिशी पीस अजून मॅडमच्या घरीच न शिवता पडून आहे.

माझं मात्र नुकसान झालं. मॅडम आता वर्षाला चार ब्लाऊज शिवतात आणि चारही वेळेवर नेतात. असं गिऱ्हाईक कोणत्याच टेलरला परवडत नाही. रिकाम्या कपाटात मी अस्तराचे तागे ठेवते. आणि कोणाची डिलिव्हरी महिनाभर पडून राहिली, की अजूनही फोन करते. पण नवीन गळ्याचं डिझाइन सांगायला नाही. बाई, घरी सांगितलं का, एवढंच विचारते.