नावं ठेवणारं गिऱ्हाईक

आमच्या माण तालुक्यातला मेंढरांचा बाजार म्हणजे निम्मं भांडणच. घेणाऱ्यानं आधी मेंढरात खोट काढायची, विकणाऱ्यानं चिडायचं, मग सौदा. न चिडता झालेल्या सौद्याला आबा, म्हणजे माझे वडील, सौदा मानतच नसत. "ज्याला न्यायाचंय त्योच नावं ठिवतो," ते म्हणायचे. "चांगलं म्हनला की समजायचं, चालला घरला."

गेल्या वर्षी आबांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते ओसरीवरच्या खाटेला खिळले. कळप विकावा लागला. राहिली ती मेंढरं न्यायची जुनी ट्रॉली. दोन्ही बाजूंना जाळी, वर कोकरांसाठी फळ्यांचा माळा. दिवाळी झाली की भाड्याच्या ट्रॅक्टरला ती जोडून आबा मेंढरं पाटणकडं चारायला न्यायचे. ती विकायला त्यांची ना नव्हती. अट एकच, ट्रॉली मेंढरंवाल्याच्याच दारात गेली पाहिजे. आपली मेंढरं गेली तरी ट्रॉलीत मेंढरं असावीत, एवढंच त्यांचं मागणं राहिलं होतं.

मी माधवनगरला राहते, आणि माझ्या फोनला रेंज असते म्हणून गिऱ्हाईक शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मेंढरं राखणारी निम्मी पोरं आता मुंबईत. शेवटी शेजारच्या गावचा एक तरणा मेंढपाळ मिळाला. त्याला ट्रॉली खरोखर हवी होती, तो ट्रॅक्टर घेऊनच आला. माझा जीव भांड्यात पडला.

आईनं त्याला फाटकातच गाठलं. "आरं बाबा, आजारी मानूस हाय. ट्रॉलीला नावं ठिवू नगंस, त्यास्नी सोसायचं न्हाई." मलाही ते शहाणपणाचंच वाटलं.

पोरगा शब्दाचा पक्का निघाला. मागचं दार उघडून म्हणाला, "झकास हाय, आबा." गंजून चाळण झालेल्या पत्र्यावर पाय ठेवून म्हणाला, "पत्रा भारी हाय." आबा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनीच सुरुवात केली.

"मागचा पत्रा सडलाय बग."

"चालतंय की, आबा."

"डावं चाक वढतंय."

"वढू दे की."

लहान पोराला घास भरवावा तशी आबा त्याला एकेक खोट पुढं करत होते, आणि हा बाबा मान हलवून नको म्हणत होता. अरे, एकदा तरी थू म्हण, असं मला ओरडावंसं वाटलं. आईला खुणावलं, तर तिनं मलाच डोळे वटारले.

"च्या पाजा आन् लावून द्या," आबा म्हणाले. "त्याला न्यायाची न्हाई. तुमीच धाडलाय त्याला, माजं मन राखाय." मी शपथा घेतल्या. पोरगा हातापाया पडला. तो जितका विनवी तितका आबांचा संशय घट्ट होई. ट्रॅक्टर रिकामाच परत गेला.

त्यानंतर कोणी फिरकलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आई भंगारवाल्याला बोलावून आली. तो कोण हे तिनं आबांना सांगितलं नाही. त्यानं आल्या आल्या पत्र्याला लाथ घातली.

"हिला ट्रॉली म्हनत्यात व्हय? चाळन हाय नुसती!"

आबा कोपरावर उठले. "तुज्या बापानं तरी बगितलीती का आसली जाळी?"

"म्हातारबा, फुकट दिली तरी वढून न्यायचं भाडं अंगावर पडंल."

आबांनी त्याला हाकलला, परत बोलावला, परत हाकलला. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू गेला. मी काही बोलणार एवढ्यात आईनं माझा हात दाबला. सौदा झाला.

संध्याकाळी ओसरीसमोरची ट्रॉलीची जागा मोकळी दिसत होती. आबा खुशीत होते. "लय तिखट गडी," ते म्हणाले. "मेंढरं किती हायती गं त्याची?"

मला खरं सांगवेना आणि खोटंही बोलवेना. आईनं त्यांच्या अंगावरचं घोंगडं सारखं केलं.

"लय हायती," ती म्हणाली आणि आत निघून गेली.