हळद लावा, एवढंच म्हणालो

फोन आला तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत गाईच्या पोटात होता. तिगावजवळचा एक गोठा. वासरू आडवं अडकलेलं. मालकाने माझा मोबाईल माझ्या कानाला लावून धरला.

"डॉक्टरसाहेब, बाळ्याच्या पंखातून ब्लीडिंग होऊन राहिलं. थांबूनच नाही राहिलं."

आवाज शकुंतला सिस्टरचा होता. सौसरकडच्या खेड्यांत बत्तीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या पांढुर्ण्यात राहायला आल्या होत्या. मिस्टर वारलेले, मूलबाळ नाही. बाळ्या म्हणजे त्यांचा कॉकाटील, पोपटाच्या जातीचा छोटा पक्षी. दुकानदार त्याला कॉकटेल म्हणतात. राखाडी अंग, पिवळं डोकं, त्यावर तुरा. भाच्याने नागपूरला फ्लॅट घेतला तेव्हा त्याने बाळ्याला पिंजऱ्यासकट सिस्टरकडे आणून ठेवलं होतं. सुरुवातीला त्या कुरकुरल्या. नंतर सकाळचा चहासुद्धा त्याच्याशी बोलत घ्यायच्या.

"पीस तुटलं का?"

"हो. नवं उगवून राहिलं होतं, तेच. देठातून थेंब थेंब पडून राहिले."

"हळद लावा. दोन मिनिटं दाबून धरा. थांबलं की सांगा."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वासरू अर्ध्या तासाने निघालं. जिवंत होतं. हात धुताना सिस्टरचा दुसरा फोन आला. "थांबलं," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मग आणायची गरज नाही, दोन दिवस पहा.

आता हे तुटलेलं पीस काय असतं ते सांगतो. पक्ष्याचं जुनं पीस तुटलं तर आपलं नख कापल्यासारखं आहे, त्याला कळतही नाही. पण नवं पीस उगवत असतं तेव्हा त्याच्या देठात रक्त खेळत असतं. आम्ही त्याला ब्लड फेदर म्हणतो. ते मोडलं की नळ उघडा राहिल्यासारखं होतं. कॉकाटीलचं वजन शंभर ग्रॅमच्या आत. अंगात सगळं मिळून दोन चमचे रक्त. म्हणून जखम छोटी असली तरी घाई करावी लागते. रक्त लवकर थांबलं, पक्षी खात राहिला, तर बहुतेक वेळा पुढे काही होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ई-रिक्षाने दवाखान्यात आल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी घराच्या पुढच्या खोलीतच दवाखाना मांडला आहे. त्यांच्या हातात टोपली, टोपलीत टॉवेल, टॉवेलमध्ये बाळ्या.

"कालपासून दाना नाही उचलला त्यानं. पिंजऱ्यात खाली बसून राहते."

टॉवेल उघडला आणि आधी वास आला. खोबरेल तेलाचा. एक पंख, छाती, पाठ, सगळं पिवळं आणि चिकट झालेलं. पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या फटींतून गुलाबी कातडी दिसत होती. पक्षी थरथरत होता.

"हे काय लावलं, सिस्टर?"

"हळदच. तुम्ही सांगतली ना. तेलात कालवून लावली. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग करून राहिली."

 आपल्याकडे जखमेला हळद लावायची म्हणजे तेलात किंवा तुपात कालवूनच लावतात. माणसाला त्याने काही होत नाही. पक्ष्याचं वेगळं आहे. पिसं म्हणजे त्याचं स्वेटर. पिसांमध्ये अडकलेली हवा त्याला ऊब देते. तेल लागलं की ती हवा जाते आणि ते स्वेटर असून नसल्यासारखं होतं. वर तो चोचीने पिसं साफ करायला जातो, तेव्हा तेच तेल अंगभर पसरवतो आणि गिळतोही. जानेवारी होता. पिंजरा व्हरांड्यात. दोन रात्री तो पक्षी उघड्या अंगाने बसल्यासारखा बसला होता.

पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून त्याला आत ठेवलं. चोचीच्या कडेला ग्लुकोजच्या पाण्याचे थेंब सोडले. तेल धुवायला तर हवं होतं, पण इतक्या अशक्त पक्ष्याला ओलं करणं म्हणजे दुसरा धोका. नागपूरला माझा एक वर्गमित्र पक्ष्यांचंच काम करतो. त्याला फोन केला.

"आधी गरम होऊ दे," तो म्हणाला. "खायला लागला तरच धू. नाही तर हात लावू नको."

सिस्टर खोक्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. बाराच्या सुमारास बाळ्याने तुरा थोडा उभा केला. बाजरीचे दोन-तीन दाणे फोडले. मला वाटलं, जमेल. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मी फक्त पंख धुवायला घेतला. सिस्टरनी त्याला धरलं. छातीवर जोर द्यायचा नाही, पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो, हे मी त्यांना आठवणीने सांगितलं. त्यांनी अगदी तसंच धरलं. कोरडा करून पुन्हा बल्बखाली ठेवला.

चारच्या आत तो गेला. खोक्याच्या कोपऱ्यात, मान पिसांत घालून.

सिस्टरनी बोटाने त्याचा तुरा सरळ केला. मग विचारलं, "माझ्या ड्रेसिंगनं झालं का, डॉक्टरसाहेब?"

"ठंडी फार होती," मी म्हणालो. "वयही झालं होतं त्याचं."

त्याचं वय मला माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली, टॉवेलात त्याला गुंडाळलं आणि निघाल्या.

आठ दिवस मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळलं. मग एका दुपारी गेलो. पिंजरा व्हरांड्यात उलटा ठेवला होता. दाराजवळची एक तार तुटून आत वळली होती, तिचं टोक अणकुचीदार. त्याच तारेत नवं पीस अडकलं असणार. महिन्यातून एकदा पिंजऱ्यात आतून हात फिरवला तर असं टोक आपल्याच बोटाला लागतं आणि कळतं. हे मी आजवर कोणत्याच पक्षीवाल्याला सांगितलं नव्हतं. माझ्याकडे पक्षी येतात ते जखम झाल्यावर.

सिस्टरनी चहा ठेवला. मी उभ्याउभ्याच बोललो.

"सिस्टर, बाळ्या थंडीनं गेला, पण तेलामुळं. कोरडी हळद म्हणायले पाहिजे होतं मी. नुसतं हळद लावा म्हणालो."

त्यांनी गॅस बारीक केला. वळल्या नाहीत.

"हे त्याच दिवशी सांगाले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस झाले, मी या तारेकडे पाहून राहिली. तार बदलली असती तर वाचला असता, म्हणून."

त्यांनी चहा गाळून कप माझ्या हातात दिला.

"लेबर रूममधे डॉक्टर ऑर्डर देत, ते मी परत बोलून दाखवायची. किती एमएल, कुठे, कसं. बत्तीस वर्ष. अन् तुम्ही फोनवर सांगतलं, तं मी 'बरं' म्हणून ठेवून देला. रक्त पाहून घाबरली होती मी. घरचं होतं न ते."

चहा झाला. दुसरा पक्षी आणून देऊ का, असं मी विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी तो पिंजरा भंगारवाल्याला दिला. देण्याआधी ती तार पक्कडीने आतून कापून टाकली, असं शेजारणीने मला सांगितलं.

माझ्याकडे अजूनही फोन येतात. बजरी पोपटाचं नख तुटलं, लव्हबर्ड पंख्याला धडकला. रक्त असेल तर मी कोरडी हळद किंवा कोरडं कॉर्नफ्लोअर सांगतो. तेल नाही, तूप नाही, मलम नाही. मग म्हणतो, आता काय लावणार ते मला सांगा. लोक चिडतात. समजलं म्हणलं ना, म्हणतात. मी फोन कानाला धरून थांबतो.