सातव्या मडक्याचं इंधन

सोनाळ्यातल्या आमच्या घरात दारू एकदाच गाळली गेली, आणि ती मी गाळली.

दारू म्हणून नव्हे हो, इंधन म्हणून! रॉकेलची टंचाई होती, वातीचा स्टोव्ह कोरडा पडला होता, आणि मी नुकतीच लग्न होऊन आलेली, विज्ञान शिकलेली सून. कणसं काढल्यावर ज्वारीची धांडं वाया जातात. त्यांचा गोडसर रस खमीर घालून आंबवला की स्पिरिट मिळतं, हे पुस्तकात वाचलेलं. ज्या मडक्याला जास्त फेस, त्यातलं खमीर पुढच्या मडक्यात! असं निवडत निवडत सातव्या मडक्यापर्यंत खमीर इतकं पहिलवान झालं, की झाकणावर वरवंटा ठेवावा लागला. आधीच्या मडक्यांतलं उकळून, रबरी नळीतून थेंब थेंब गाळून बाटली भरली.

अडचण एकच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. (लग्नाच्या गडबडीत हे मी फारसं मनावर घेतलं नव्हतं.)

समितीची बैठक आमच्याच ओसरीवर भरली, आणि आत सातव्या मडक्याने वरवंटा उडवला. धडाम! फेस उंबरा ओलांडून थेट बैठकीत आला. मागोमाग वास.

“नाना, हा वास त हातभट्टीचा हाय!” समितीतले रंभाजी मामंजींकडे पाहत ताडकन उठले.

“सूनबाई, काय होऊन राह्यलं आत?” मामंजी ओरडले.

“इंधन आहे, मामंजी! स्टोव्हमध्ये जळतं. दाखवते!”

बाटलीतलं थोडं वाटीत ओतलं, काडी लावली. फुस्स! दुसरी. फुस्स! अख्खी काडेपेटी संपली. (गाळताना पाणीच जास्त उतरलं होतं.)

“जळत नाही, म्हंजे प्याचीच हाय!” रंभाजी गरजले.

मामंजींचा चेहरा पडला. आयुष्यभराची अब्रू माझ्यापायी फेसात चालली होती! मला रडूच फुटायचं बाकी होतं.

“मले चव माहीत नाही बाप्पा,” ते हळूच म्हणाले. “कोनी सांगता का, दारू हाय का नाही?”

रंभाजींनी वाटीत बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले. “दारूच हाय! पन पानचट. पह्यल्या धारेची मज्या नाही.”

सगळ्यांच्या माना रंभाजींकडे वळल्या.

“रंभाजी,” मामंजी म्हणाले, “तुले कसं कळलं बे?”

मग जो हशा उठला, त्यात बैठक वाहून गेली. रंभाजी चपला हातात घेऊनच पळाले. मामंजी तर डोळे पुसत म्हणाले, “सूनबाई, आजवर एवढा मोठा चोर आमाले सापडला नव्हता!”

उरलेल्या खमिराच्या सासूबाईंनी जिलब्या केल्या. अशा कुरकुरीत, की गावभर नाव झालं. सुनेच्या शिक्षणाचं नव्हे, सासूच्या हाताचं!