हमालानं न उचललेलं ओझं

इश्वर हमाल कण्हत नाही, ही लाखांदूरकडच्या एका राईस मिलमधली जुनी गोष्ट. धानाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, पाठीवर घेताना बाकीचे हमाल हुंकार देतात, देवाचं नाव घेतात, मालकाला शिव्या घालतात. इश्वर तोंड बंद ठेवतो. त्याचं म्हणणं असं, की श्वास वजनाखाली लावायचा असतो, आवाजात घालवायचा नसतो. थप्पी लावताना कट्टा टाकायचा नाही, ठेवायचा. टाकलेला कट्टा उसवतो आणि उसवलेला पुन्हा उचलावा लागतो. सोळाव्या वर्षी त्यानं हे काम धरलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात 'हे मी उचलत नाही' असं तो कोणाला म्हणाला नव्हता.

अशा माणसाला देवानं मुलगी दिली ती उचलताच न येणारी.

टीना जन्मली तेव्हा डोळ्यांचा पांढरा भाग निळसर होता. सगळ्यांना तो सुंदर वाटला. गावात लेकरांना तेल लावायला केशरबाई येते. तिच्या हाताखालून गेलेल्या लेकराची हाडं लोखंडाची होतात, अशी तिची ख्याती. एकविसाव्या दिवशी तिनं टीनाचा डावा पाय उजव्या खांद्याकडे नेला आणि मांडीत काहीतरी वाजलं. केशरबाई म्हणाली, गॅस सुटला. तीन दिवसांनी फोटो काढला तेव्हा हाड मोडलेलं निघालं. केशरबाईनं त्याचाही निकाल लावला: हर्षानं बाळंतपणात डिंकाचे लाडू कमी खाल्ले. हर्षा म्हणजे इश्वरची बायको. लाडू तिनं खाल्ले होते, पण ते सिद्ध कसं करणार.

नागपूरच्या डॉक्टरनं ते निळसर डोळे पाहूनच आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. इश्वरनं त्यातला अर्थ तेवढा लक्षात ठेवला: जन्मापासून ठिसूळ हाडं, दर चार महिन्यांनी सलाईन, आणि जपणं. डॉक्टरनं एक चिठ्ठीही लिहून दिली. हिचं हाड मोडलं तर आधी दुखणं थांबवा, मगच हलवा. कागद फाटू नये म्हणून इश्वरनं तो लॅमिनेट करून घेतला. तिथंच चुकलं. लॅमिनेट केलेला कागद लोकांना प्रमाणपत्र वाटतो. ज्याला दाखवावा तो दोन्ही बाजूंनी पाहतो आणि आदरानं परत देतो.

टीनाला उचलायचं कसं, हे इश्वर शिकला. काखेत हात घालायचा नाही. एक तळवा मानेपासून पाठीखाली, दुसरा कमरेखाली, पाय आपल्या हातावर, काहीही लोंबकळता कामा नये. उचलण्याआधी सांगायचं आणि तिनं 'हाव' म्हटल्यावरच उचलायचं. न मोडता तिला उचलणारी माणसं जगात दोनच, आणि त्यातल्या हर्षाची कंबर वाकून वाकून धानाच्या रोवणीनं धरलेली. या गोष्टीचा इश्वरला अभिमान होता. मिलमध्ये तो ते बोलून दाखवायचा नाही, पण कोणी विचारलं तर टाळायचाही नाही.

दुसरा अभिमान मात्र महाग पडला.

चार वर्षांची असताना टीनाच्या फासळ्या मोडल्या. रडलं की छाती हालायची, छाती हालली की आणखी दुखायचं. इश्वरनं तिला आपली विद्या शिकवली. आवाज नको, श्वास हळू सोड. पोरगी हुशार. आठ दिवसांत शिकली, ती कायमचीच. त्यानंतर पाय मोडो की हात, टीना आवाज करत नसे. गावानं तिला धीराची पोट्टी म्हणायला सुरुवात केली. कोणाचं लेकरू इंजेक्शनला रडलं की त्याला टीनाकडे आणून दाखवत.

सव्वीस जानेवारीला शाळेनं तिचा सत्कार ठेवला. सरपंच कृष्णरावांनी हार घातला आणि पाठीवर भरघोस शाबासकी दिली. गळ्याजवळचं हाड मोडलं. टीना हसत बसून राहिली आणि टाळ्या वाढल्या. इश्वरही वाजवत होता. घरी आल्यावर तिनं सांगितलं.

"रडू दे ना तिले," हर्षा म्हणाली. "कट्टा आहे का ती? कट्ट्याले कोणी विचारत नाही, दुखते का म्हनून. हिलेई कोणी विचारनार नाही मंग."

इश्वरनं ते ऐकलं. पण बायकोचं म्हणणं थप्पीच्या खालच्या कट्ट्यासारखं असतं, वरचे निघाल्याशिवाय हाती येत नाही.

ते हाती आलं टीना नऊ वर्षांची असताना. पडली नाही, धडपडली नाही. खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. बूड अवघडलं म्हणून पाय बदलला आणि मांडीचं हाड गेलं. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि आईला हाक मारली.

फळीवर वाकळ टाकून इश्वरनं तिला भय्याजीच्या ऑटोत घेतलं. भय्याजीला सांगितलं, बैलबंडीच्या चालीनं चाल. भय्याजी खरोखर तसा चालला, मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खात. उशाशी हर्षा, आणि मांडीखाली हात देऊन इश्वर दवाखान्यापर्यंत ओणवा बसून होता.

दवाखान्यातल्या लोकांनी टीनाच्या वाकड्या पायांकडे पाहिलं आणि सगळ्यांचे हात मागे गेले. ऑटोतून स्ट्रेचरवर घ्यायचं होतं. वॉर्डबॉय म्हणाला, काका, तुम्हीच उचला, आमच्या हातून काही झालं तर लफडं. इश्वरनं उचललं. स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचं होतं. काका, तुम्हीच. इश्वरनं उचललं. काम चोख झालं. त्या वेळी त्यालाही बरंच वाटलं.

खाटेवर ठेवताना त्याला तिचा वरचा ओठ दिसला. घामाचे बारीक थेंब होते. ओझं ताकदीबाहेरचं झालं की हमालाला तिथंच घाम येतो, आणि तो घाम थंड असतो. तिनं चादरीचं टोक दातात धरलं होतं.

इश्वर नर्सकडे गेला. निर्मलाबाई शांतपणे म्हणाल्या, दुखण्याचं इंजेक्शन डॉक्टरसाहेब लिहून देतील, एक्स-रे झाल्यावर. डॉक्टर म्हणाले, आधी मोडलंय की नाही ते तर कळू दे. इश्वरनं लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला, छान जपलाय म्हणाले, आणि परत दिला. "आणि शांत तर आहे मुलगी. एवढं दुखत असतं तर राहिली असती का?"

शेजारच्या खाटेवर वासुदेवराव होते, पंचायत समितीचे माजी सदस्य. त्यांच्या अंगठ्यावर गॅसचं सिलिंडर टेकलं होतं. नख काळं झालं होतं. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता आणि दहा मिनिटांत त्यांना सुई मिळाली. आराम पडल्यावर त्यांनी कुशीवर वळून टीनाकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाले, पाहा, याले म्हणतात धीर.

इश्वर पोरीच्या कानाशी वाकला. त्यानं आयुष्यात न केलेली गोष्ट केली.

"बेटा, जराशी रड."

टीनानं चादर दातातून सोडली. "काहून?"

"रडशीन तं सुई देतीन."

"रडलं का मांडी हालते, बाबा," ती म्हणाली. "तुमीच तं सांगतलं, आवाजात श्वास घालवू नाही."

हर्षानं चादरीचं टोक पुन्हा पोरीच्या तोंडाशी धरलं. 

तेवढ्यात एक्स-रेवाल्यानं दारातून हाक दिली. खाटेवरून टेबलावर घ्यायचं होतं. काका, या, तुम्हीच उचला.

इश्वर पुढे झाला. एक तळवा पाठीखाली सरकवला आणि थांबला. त्याला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, या उचलण्यात पोरगी पुन्हा चादर चावणार. दोन, या दवाखान्यात तिला उचलू शकणारा माणूस तो एकटाच आहे, आणि मघापासून तो फुकटात, बिनशर्त उचलतो आहे. त्यानं हात काढून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"उचलत नाही," तो म्हणाला.

एक्स-रेवाला म्हणाला, अहो, नंबर लागलाय. वॉर्डबॉय म्हणाला, काका, कंबर धरली का? डॉक्टर आले. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला. एक्स-रेशिवाय पुढे काही होणार नाही, उशीर झाला तर जबाबदारी तुमची.

"सव्वीस वर्सं झाले साहेब, कोनत्या ओझ्याले नाही म्हटलं नाही," इश्वर म्हणाला. "हे मात्र दुखन्याची दवा दिल्याबिगर उचलत नाही. तुमी उचला."

डॉक्टरांनी वॉर्डबॉयकडे पाहिलं. वॉर्डबॉयनं छताकडे. तो म्हणाला, लिहून द्या साहेब, मग उचलतो. शेवटी डॉक्टरच पुढे झाले आणि बाह्या सरकवून टीनाच्या काखेत हात घालू लागले.

"साहेब," टीना अगदी अदबीनं म्हणाली, "तिथून धरलं का खांदा तुटते जी."

डॉक्टरांचे हात हवेत राहिले. त्यांनी प्रथमच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओठ, घाम, चादरीचं ओलं टोक. मग त्यांनी तो लॅमिनेट केलेला कागद मागितला आणि वाचला. चार ओळी होत्या. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

निर्मलाबाई सुई भरायला गेल्या. डॉक्टरांनी वजन विचारलं. काट्यावर उभं कोण करणार? इश्वर म्हणाला, अकरा किलो, दोनशे-तीनशे ग्रॅम वर. अंदाजानं सांगता का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा इश्वरला जरा राग आला. वजनाच्या बाबतीत त्याला असं कोणी विचारत नसे.

सुई दिली. एक्स-रेवाला लगेच म्हणाला, चला.

"भिनाले किती वेळ लागते?" इश्वरनं विचारलं.

"वीस मिनिटं," निर्मलाबाई म्हणाल्या.

इश्वर वीस मिनिटं तसाच उभा राहिला. मिलमध्ये असा रिकामा तो कधी उभा राहिला नव्हता, आणि एवढं दमवणारं काम त्यानं आजवर केलं नव्हतं. टीनाचं बोट त्याच्या अंगठ्याभोवती आवळलेलं होतं. ते हळूहळू सैल पडलं.

"उचलू?" त्यानं विचारलं.

"हाव."

त्यानं उचललं, नेलं, टेबलावर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मांडी जागची हलली नाही. आणि तिथं, थंड टेबलावर, टीना रडायला लागली. मुसमुसणं नाही, भोकाड. पाच वर्षांचं एकदम.

निर्मलाबाई धावत आल्या. "आता कायले रडून राहिली? आता तं सुई दिली." डॉक्टरही आले. म्हणाले, औषध लागू पडलेलं दिसत नाही, आणखी थोडं देऊ.

इश्वर वाकला. "दुखते का?"

टीनानं मान हलवली. "नाही."

"मंग?"

"आता रडलं तरी दुखत नाही," ती हुंदके देत म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली.

एक्स-रेवाला म्हणाला, हिला गप्प करा, हालली तर फोटो बिघडेल. इश्वरनं त्याला थांबायला सांगितलं. हर्षानं पदरानं पोरीचं नाक पुसलं आणि स्वतःचं पुसायचं विसरली.

बाहेर खाटेवर वासुदेवराव हळहळत होते. एवढी धीराची पोरगी, ते बायकोला म्हणाले, बापानं सुई देऊन बिघडवली.